नुसतं बसायला

(नृसिंहवाडी येथे आसपासच्या गावांतील महिला मंडळे, बचत गट आणि कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीसाठी मला विषय दिला होता 'वाढत्या वयाच्या मुली आणि पालक'. या विषयावर आपण सगळ्याजणी पुष्कळ बोलतो. आहार, रक्तक्षय, पाळी, शाळा सुटणं, लवकर होणारं लग्न. शिबिरात हे मुद्दे फळ्यावर लिहायची इतकी सवय झाली आहे की खडू हातात घेतला की हात आपोआप चालतो. मी आज त्यातलं फारसं काही सांगणार नाही. मी आमच्या घरातल्या एका खोलीची हकीकत सांगणार आहे. ती गाडी ठेवायची खोली आहे. 'एवढंच?' असं काहीजणींच्या मनात आलं असेल. ऐकून घ्या, मग भांडा.

वाडीतलं आमचं घर जुनं आहे. यात्रेकरूंना खोल्या द्यायचं काम सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. मधे काही वर्षं आमच्याकडे एक जुनी व्हॅन होती, मिरजेच्या आणि जयसिंगपूरच्या स्टेशनावरून माणसं आणायला. तिच्यासाठी घराच्या कडेला दहा फूट बाय सोळा फूट अशी खोली बांधली. वर पत्रा, पुढे लोखंडी शटर. पुढे व्हॅन विकली आणि खोली मुलांची झाली. मला दोन मुलं. थोरला मुलगा, धाकटी लेक. दोघांनी तिथं भातुकली मांडली, तीनचाकी चालवली, आढ्याच्या लोखंडी कडीला साडीचा झोका बांधला. त्या खोलीत मुलगा भाकरी थापायचा आणि मुलगी व्हॅनचा ड्रायव्हर व्हायची. मी कौतुकानं बघायची. वाटायचं, चळवळीत आयुष्य गेलं त्याचं हे फळ.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आपल्या शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही, २००५ चा आपण सगळ्यांनी बघितला होता. पण २०१९ नं सगळ्यांचे अंदाज चुकवले. पाणी उतरल्यावर त्या खोलीत खेळण्यांचा चिखल झाला होता आणि भिंतीवर पाण्याची रेषा उमटली होती. लेक तेव्हा नऊ वर्षांची. रेषा तिच्या डोक्याच्या वर चार बोटं. त्यानंतर ती दर वर्षी त्या रेषेला पाठ लावून उभी राहते आणि आपण किती वाढलो ते बघते. आता रेषा तिच्या खांद्याला लागते.

ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर प्रश्न निघाला, या खोलीचं काय करायचं. उरलीसुरली खेळणी अंगणवाडीला दिली होती. खोली रिकामी पडली आणि घरातल्या प्रत्येकाला एकदम तिची आठवण झाली. नवरा म्हणाला, फरशी घालू, बाथरूम काढू, यात्रेकरूंना देऊ. पौर्णिमेला माणसं जागा नाही म्हणून परत जातात. मुलगा म्हणाला, माझे मित्र येतील, कॅरम लावू. सासूबाई म्हणाल्या, पोरगी मोठी झाली, चार दिवस बाजूला बसायला बरी होईल. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, तिला अभ्यासाची खोली करून देऊ. मला वाटलं, मी सगळ्यांत पुढारलेलं बोलले.

लेकीला विचारायचं राहून गेलं होतं. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अभ्यास मी कुठंही करते. मला मैत्रिणी घेऊन नुसतं बसायला पाहिजे."

माझ्या तोंडून निघालं, "नुसतं बसून काय करणार?"

बायकांनो, हा प्रश्न माझ्या आईनं मला विचारला होता. तिच्या आईनं तिला विचारला असेल. मुलग्याला हा प्रश्न आपण विचारत नाही. मुलगा संध्याकाळी बाहेर पडतो, कुठं चाललास म्हटलं तर 'इथंच' म्हणतो आणि आपलं समाधान होतं. इथंच म्हणजे कुठं? घाटाच्या पायऱ्यांवर, पारावर, पानाच्या टपरीशी, मोटारसायकलीला टेकून. कोल्हापुरात तर पेठेपेठेला तालीम आहे. तालमीत कुस्ती आता किती होते कुणास ठाऊक, पण बसणं होतं. गणपती, फुटबॉल, राजकारण, सगळं त्या बसण्यातून उभं राहतं. कोणती पोर कुणाची, कोण कुणाच्या उपयोगी पडतो, हे मुलगे तिथं शिकतात. आपल्या मुलींची तालीम कुठं आहे? नळाला रांग असायची तेव्हा नळ होता, नदीला धुणं होतं तेव्हा घाट होता. नळ घरात आला, चांगलंच झालं. पण बोलायची जागा गेली, तिच्याबदली दुसरी आपण दिली नाही.

हादग्याची आठवण काढा. सोळा दिवस मुली घरोघर जायच्या, फेर धरायच्या, खिरापत ओळखायच्या. नागपंचमीला झोके. मुलींनी मोकळं हसायचे दिवस पंचांगात नेमून दिलेले होते, आणि तेही देवाच्या नावानं. रिकामं बसायची सूट अशी नव्हतीच. घरंसुद्धा तशीच बांधलेली. पुढचा सोपा पुरुषांचा. बायकांसाठी माजघर, स्वयंपाकघर आणि मागचं परडं. परड्यात बाई दिसली तर हातात काहीतरी पाहिजे, निदान सूप तरी.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना धरून. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया-मुली दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि हे काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात हे काम करतात किती, तर बायकांतल्या शंभरांतल्या ८१ आणि पुरुषांतले २६. आकडा सहा वर्षांपासून मोजलाय हे ध्यानात घ्या. पाच तास कामात गेल्यावर मुलगी रिकामी बसली तर ती आळशी दिसते. म्हणून तिला कारण लागतं. अभ्यास हे कारण चालतं, शिवणक्लास चालतो, देवळात जाणं तर फारच चालतं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांवरचं एक पुस्तक २०११ मध्ये आलं, 'व्हाय लॉयटर' नावाचं. त्यांचं म्हणणं असं की बाईला रस्त्यावर असायला काहीतरी काम दाखवावं लागतं, आणि बिनकामाचं बाहेर रेंगाळता येणं हाच खरा हक्क आहे. वाचताना मला पटलं होतं, आपल्या गटात मी त्यावर बोललेही होते. पण ते रस्त्याबद्दल आहे, असं समजून मी पुस्तक मिटलं. माझ्याच घरात, सोळा फुटांच्या खोलीत रेंगाळायला मी लेकीकडे कारण मागत होते.

आता जरा कायद्याकडे येते, कंटाळू नका. मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळाचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम. आपल्या देशानं ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांपर्यंतचं. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीचाही त्यावर हक्क आहे, भातुकली सुटली म्हणून हक्क सुटत नाही. दुसरी गोष्ट घराची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २३ वं कलम होतं. घरातली माणसं राहत असलेल्या घरात मुलीला हिस्सा असला तरी भावांनी वाटणी काढेपर्यंत तिला ती मागता येत नव्हती. आणि राहायचा हक्क कुणाला? जिचं लग्न झालेलं नाही, जिला नवऱ्यानं टाकलंय, जी वेगळी राहते किंवा जी विधवा आहे तिला. नांदत्या मुलीला नाही. हे कलम २००५ मध्ये रद्द झालं. मुलीला जन्मानं समान हिस्सेदार करणारी दुरुस्ती महाराष्ट्रात आधी १९९४ मध्ये झाली होती, तीही तोवर लग्न न झालेल्यांपुरती. २००५ मध्ये ती देशभर लागू झाली आणि वडील त्या वेळी हयात असोत नसोत, मुलीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

कागदावर ती आता घराची मालकीण आहे. पण तिची खाट कुठं असते? यात्रा आली, पाहुणे आले, भावाची परीक्षा आली की पहिली खाट कुणाची हलते, ते आपापल्या घरी बघा. वाडीत पाणी वाढलं की देवाची उत्सवमूर्तीसुद्धा वर हलवतात, पण ती मानानं हलवतात आणि पाणी उतरल्यावर मानानं परत आणतात. आमची लेक पौर्णिमेपौर्णिमेला वळकटी घेऊन माजघरात यायची आणि तिच्या गादीवर कोण झोपून गेलं हे तिला कधी कळायचं नाही. मला ते दिसत होतं. दोन पैसे मिळतात म्हणून मी गप्प होते.

शेवटी खोली तिला द्यायची ठरली. पण खरी अडचण पैशाची नव्हती. ती सासूबाईंच्या वाक्यात होती. त्या विरोध करत नव्हत्या, उलट खूश होत्या. घराला लागून पण घराबाहेर, दार वेगळं, देवघरापासून लांब. वाडीसारख्या सोवळ्याओवळ्याच्या गावात त्या चार दिवसांसाठी यापेक्षा सोयीची जागा कुठली? त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं, "एक वेगळी चादर आणि तांब्या तिथंच ठेवू." लेकीनं ऐकलं आणि म्हणाली, "मग मला खोली नको. तुमची गाडीच ठेवा परत."

मी रागानं सासूबाईंशी बोलायला गेले. मनात भाषण तयार होतं, अशी भाषणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण त्यांनी जे सांगितलं त्यानं मी गप्प बसले. त्या म्हणाल्या, "तुला वाटतं मी पोरीला विटाळात ढकलते. अगं, लग्न होऊन या घरात आले तेव्हा बारा माणसांचा स्वयंपाक. महिन्यातनं तीन दिवस परड्यातल्या खोलीत बसायची, तेवढीच पाठ टेकायची मला. कुणी हाक मारायचं नाही. शेजारची पण तेव्हाच बसायची, कुडाच्या पल्याडनं आम्ही बोलायचो. मला ती खोली वाईट वाटली नाही. ती बंद झाली तेव्हा सुटी गेली, काम राहिलं."

मी त्यांना म्हटलं, "मग तुम्हाला ती सुटी शिवायचं नाही म्हणून मिळाली. पोरीला ती चांगली असताना मिळू दे की. महिनाभर."

त्या काही बोलल्या नाहीत. पटलं असं मी म्हणणार नाही. देवघराचे नियम घरात अजून आहेत, त्यावरून आमची धुसफूस होते, लेक तर माझ्यापेक्षा जास्त भांडते. पण चादर आणि तांब्या तिथं गेले नाहीत. एक ठरलं, ते लेकीनंच ठरवलं. पाळीच्या दिवसांत ती खोलीत झोपत नाही, घरात सगळ्यांच्यात झोपते. इतर दिवशी पाहिजे तेव्हा खोलीत. सासूबाई पुटपुटतात. पुटपुटू देत.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं. आपल्याकडे मुलीला वेगळी खोली म्हटलं की तीन धोके असतात. ती विटाळाची कोठडी होते, किंवा तिला कोंडायची जागा होते, किंवा 'तुला खोली दिली ना, मग बाहेर कशाला जातेस' असं म्हणायची सोय होते. तिसरा धोका माझ्याच हातून घडला. एकदा ती मैत्रिणींबरोबर कुरुंदवाडला जाते म्हणाली आणि मी म्हटलं, इथंच बसा की. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता खोली कशी केली ते, कारण खर्चाचं सगळ्या विचारतात. शटर काढून भंगारात घातलं. शटर बाहेरनं ओढून बंद करता येतं, आत माणूस असला तरी. त्या जागी वीट रचून एक दार आणि एक मोठी खिडकी केली. जुन्या गाडीचं तेल मुरलेली जमीन उकरून शहाबादी घातली, तोवर वास जात नव्हता. पेट्रोलचा जुना कॅन कोपऱ्यात निघाला, तो आधी बाहेर. पत्रा उन्हाळ्यात तापतो, त्यावर चुन्याचा पांढरा हात दिला आणि वर समोरासमोर दोन झरोके पाडले. विजेचे खटके पुराच्या रेषेच्या वर, पाच फुटांवर. लाकडाचं कपाट नाही, लोखंडी मांडणी, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर धुऊन घेता येईल. २०२१ ला पाणी परत आलं होतंच. खाली सतरंजी, दोन जुन्या गाद्या, एक लोखंडी पेटी जिला कुलूप आहे. टेबल नाही. टेबल मी मागत होते. भिंत रंगवताना पुराची रेषा तेवढी पुसायची नाही, असं तिनं गवंड्याला बजावलं.

कडीवरून मोठं भांडण झालं. नवऱ्याचं म्हणणं, दाराला काच लावू, कडी नको, दिवस बरे नाहीत. भीती खोटी नव्हती. आपल्या घरात अनोळखी माणसं उतरतात. पण आपण इतकी वर्षं या कामात आहोत, मुलींना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो हे आपल्याला माहीत आहे. कडी नसल्यानं मुलगी सुरक्षित कशी होते? बाहेरचा सहज आत येतो, एवढंच. मग असं ठरलं. कडी आतून, बाहेरून कोयंडा नाही. यात्रेकरूंची वाट त्या बाजूनं नाही, मधे दार बसवलं. कुलपाची किल्ली ओसरीतल्या खिळ्यावर टांगायची नाही. दार वाजवून थांबायचं, हे नियम वडिलांना, आजीला आणि मला. मला पाळायला सगळ्यांत जड गेलं. मी दोनदा तशीच आत गेले आणि दोन्ही वेळा सगळ्या पोरी एकदम गप्प झाल्या. काय बोलत होत्या? देव जाणे. तिसऱ्यांदा मी दार वाजवलं.

मुलाचं काय, असं तुम्ही विचाराल. त्याला राग आला, आणि तो समजून घेण्यासारखा होता. दोघांची खोली एकटीची झाली. त्याला म्हटलं, तुला घाट आहे, मैदान आहे, अख्खं गाव आहे. तो म्हणाला, पाऊस आला की? तेही खरंच. बोलावलं तर तो जातो, कॅरम तिकडेच आहे. झाडायची पाळी दोघांची.

पहिले दोन महिने शेजारपाजारच्या आया विचारायला यायच्या. पोरी तुमच्याकडे येऊन करतात काय? मी म्हणायची, बसतात. एकीनं सरळ सांगितलं, तुमच्या पोरीला कामं नसतील, आमच्या पोरीला आहेत. ती मुलगी यायची बंद झाली. पुढं आपणच आली, अर्धा तास, येताना निवडायची भाजी घेऊन. बाकीच्यांनी ती निवडायला घेतली. हे बघून मला हसावं की रडावं कळेना.

आणखी एक गोष्ट सांगते, कुणाची ते विचारू नका. त्या खोलीत एका मुलीनं मैत्रिणींना सांगितलं की तिला बघायला येणार आहेत. सोळाची मुलगी. घरात, शाळेत, कुठंच ती हे बोलली नव्हती. लेक माझ्याकडे आली, तिला विचारूनच आली. २००६ च्या कायद्यानं अठराच्या आत लग्न लावता येत नाही आणि गावपातळीवर बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे, हे आपल्याला पाठ असतं. पण तक्रारीआधी आम्ही दोघी-तिघी तिच्या आईकडे जाऊन बसलो. तूर्त ते थांबलंय. ती शाळेत जाते. पुढं काय होईल सांगता येत नाही, लक्ष ठेवून आहोत. पण ही गोष्ट मी जरा भीत भीत सांगते. कारण उद्या तुम्ही म्हणाल, बघा, खोलीचा उपयोग झाला. तसा उपयोग झाला नसता आणि पोरी दोन वर्षं नुसत्या सिनेमाच्या गप्पा मारत बसल्या असत्या, तरी खोली तिचीच असायला हवी होती.

तुमच्यातल्या बऱ्याचजणी दोन खोल्यांत राहतात, माहीत आहे. गाडीच नाही तर गाडीची खोली कुठून? म्हणून हे घराघरावर सोडून चालणार नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या मुलाला डोकं टेकायला जागा मिळाली म्हणून तो शिकला. ती पहिली वसतिगृहं मुलग्यांची होती, पण जागा दिली की माणूस उभा राहतो हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. अंगणवाडी दुपारनंतर बंद असते. समाजमंदिर लग्नसराई सोडून कुलपात असतं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत शिवणयंत्रं मागून झाली. आता आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी दोन तास, एक खोली, एक दिवा आणि आतून कडी, एवढं मागा. तिथं कुणी मुलींना व्याख्यान द्यायला जायचं नाही, आपणसुद्धा नाही. 'कार्यक्रम काय?' असा प्रश्न नक्की येईल. कार्यक्रम नाही, असं लिहून द्या.

गेल्या दत्तजयंतीला नवऱ्यानं विचारलं, दोनच दिवस देऊ का ती खोली, एक कुटुंब आहे, पुण्याचं, चांगली माणसं आहेत. मी उत्तर देणार होते. मग म्हटलं, तिला विचार. त्यानं जाऊन दार वाजवलं. ती म्हणाली, नाही. ते कुटुंब दुसरीकडे उतरलं. आमचे पैसे गेले, त्यावरून तो दोन दिवस घुम्यासारखा होता, हेही सांगायला पाहिजे.

चहा आलाय. चहानंतर ज्यांना खोली बघायची असेल त्यांनी माझ्याबरोबर चला. पण आधी मी पुढं जाऊन तिला विचारून येते.